जखमींसाठी हात घडवणारा सोलापूरचा डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातलं एक लग्न सोलापूरला होतं. परभणीहून दोन गाड्या भरून आम्ही गेलो. वलीमा झाल्यावर दुपार मोकळी होती. घरातल्या बायका चादरी आणि टॉवेल घ्यायला बाजारात गेल्या आणि आम्ही चार-पाच जण डॉ. कोटणीसांचं स्मारक बघायला निघालो. सोबत आमची भाची होती. जीएनएम केलेली, परिषदेत नाव नोंदवलेली नर्स. परभणीत नोकरी करते, महिन्यात दहा-बारा नाइट ड्युट्या असतात. चादरी बघण्यापेक्षा डॉक्टरचं घर बघते म्हणून तीही आमच्यासोबत आली.

कोटणीसांचं नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. सोलापूरचे डॉक्टर, चीनला गेले, तिथंच वारले, त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला. शाळेत इतकंच शिकवतात आणि आम्हालाही एवढंच येत होतं. पण भाचीनं तिथं उभ्या-उभ्या एक गोष्ट विचारली आणि आम्ही गप्प झालो. तिला जाणून घ्यायचं होतं की डॉक्टर एकटे होते आणि जखमी शेकडो, तर मग डॉक्टरांपर्यंत पोहोचेस्तोवर त्या जखमींचं रक्त कोण थांबवत होतं? ऑपरेशननंतर रात्रभर कोण बसत होतं? आणि त्या लोकांना हे काम कुणी शिकवलं?

तिच्या प्रश्नामागे आमच्याच घरातली एक घटना होती. काही महिन्यांपूर्वी आमच्या एका नातेवाइकांचा जिंतूर रस्त्यावर रात्री अपघात झाला. लोक चांगले होते, लगेच धावले. पण त्यांनी हाता-पायाला धरून उचललं आणि मालवाहू टेम्पोत टाकून आणलं. मान कुणी धरली नाही. ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथं ड्युटीवरच्या नर्सनं सलाईन लावलं, बीपी घेतलं, कागद भरले. मांडीखालून रक्त चाललं होतं, ते गादीत मुरत होतं, आणि कपडे कापून अंग बघितलंच नाही म्हणून ते कुणाला दिसलं नाही. पाऊण तासानं नांदेडला घेऊन जा म्हणाले. नांदेड सत्तर किलोमीटर. माणूस अल्लाहच्या मेहेरबानीनं वाचला, पण पाय पूर्वीसारखा राहिला नाही. त्या रुग्णालयाचं नाव आम्ही घेणार नाही. ती नर्सही कामचुकार नव्हती. भाचीचं म्हणणं असं की त्या मुलीला हे कधी कुणी करून दाखवलंच नसणार. तीन वर्षांच्या कोर्समध्ये तिला स्वतःलाही पुस्तकातच भेटलं होतं.

तर परतीच्या रस्त्यावर तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं ठरलं. पुढं जे लिहितो आहोत ते त्यातूनच आलंय.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. गिरण्यांचं गाव, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर झोपणारं. मध्यमवर्गीय घर, भावंडं बरीच. मुंबईला परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी डॉक्टरकी केली. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल तेव्हा नवंच होतं, 1926 साली सुरू झालेलं. पुढं आणखी वरचं शिक्षण घ्यायचं, सर्जन व्हायचं, अशी त्यांची तयारी चालली होती. म्हणजे आज आपल्या घरातला एखादा हुशार मुलगा एमबीबीएस होऊन पीजीच्या मागे लागलेला असतो ना, तसेच ते होते.

1937 च्या जुलैत जपाननं चीनवर मोठी चढाई केली. चीनकडं माणसं लढायला होती, डॉक्टर नव्हते. चिनी सेनापती जू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि लोकांनी पैसा दिला. आपण स्वतः इंग्रजांचे गुलाम असताना दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी वर्गणी काढत होतो, ही गोष्ट आज सांगितली तर पोरांना खरी वाटत नाही. रक्कम 22,000 रुपयांच्या आसपास होती आणि त्यातून एक अ‍ॅम्ब्युलन्सही पाठवली गेली.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट सुटली. कोटणीस अठ्ठावीसचेही झाले नव्हते. वर्षभराचं काम आहे, करून परत यायचं, असाच सगळ्यांचा अंदाज होता.

हाँगकाँग, कँटन, मग हांको. जपानी फौज मागून येत होती, त्यामुळं शहरामागून शहर मागं टाकत ते चुंगकिंगला पोहोचले. चीनमधल्या त्या सुरुवातीच्या काळातच घरून वडील वारल्याची खबर आली. परत जायची मुभा होती, कुणी नावं ठेवली नसती. ते गेले नाहीत. आम्हाला हे लिहिताना आपल्या आखाती देशांत काम करणारी मुलं आठवतात, ज्यांना बापाच्या जनाज्याला खांदा देता येत नाही. ते दुःख काय असतं हे मराठवाड्यातल्या किती तरी घरांना माहीत आहे.

1939 च्या फेब्रुवारीत हे पथक येनानला आलं. तिथं पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये लोक राहायचे, आणि दवाखानाही गुहांमध्येच. पाचांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर आलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दीहुआ. आजही तिकडं ते याच नावानं ओळखले जातात.

हळूहळू पथक विरळ होत गेलं. चोळकर आणि मुखर्जी 1939 मध्येच परतले, पुढच्या वर्षी अटल परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले. आणि कोटणीस निघाले आघाडीकडं, जपानी फौजेच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात.

इथं एका दुसऱ्या डॉक्टरची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर कोटणीसांचं काम कळणार नाही.

नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन. 1936 साली ते स्पेनच्या यादवी युद्धात गेले आणि तिथं त्यांनी बाटलीतलं रक्त गाडीत घालून थेट आघाडीवर न्यायची सोय उभी केली. त्याआधी जखमी रक्ताकडं जायचा, यांनी रक्त जखमीकडं नेलं. 1938 मध्ये ते चीनला आले आणि याच डोंगराळ भागात त्यांनी तोच विचार ऑपरेशनला लावला. जखमीला दोन-तीन दिवस डोंगर उतरवत आणलं तर जखम सडते, मग पाय कापण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून टेबल, औषधं, हत्यारं सगळं खेचरांच्या पाठीवर बांधलं आणि लढाईपासून थोड्या अंतरावर, मिळेल त्या देवळात किंवा घरात ऑपरेशन थिएटर मांडलं. गावच्या सुताराकडून खपच्च्या करून घेतल्या, लोहाराकडून हत्यारं. आणि त्यांनी ओळखलं की आपण एकटे पुरणार नाही, म्हणून शिकवायला सुरुवात केली.

1939 च्या ऑक्टोबरअखेरीस ऑपरेशन करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोजे नव्हते. जखम दूषित झाली, विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबरला ते वारले. पेनिसिलीन तेव्हा कुणाच्याच हातात आलेलं नव्हतं. आमच्या भाचीला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. कारण हातमोजे संपलेत, उद्या येतील, आजच्या दिवस भागवा, हे वाक्य तिनं ड्युटीवर किती वेळा ऐकलंय.

कोटणीस या भागात आले तेव्हा बेथ्यून नव्हते. त्यांची पद्धत होती, त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आणि शाळा होती. आणि 1940 मध्ये चिनी फौजेनं रेल्वेमार्ग आणि चौक्यांवर एकाच वेळी मोठे हल्ले सुरू केले. जखमींचा लोंढा आला. सुमारे तेरा दिवसांत कोटणीसांच्या पथकाकडं 800 च्या आसपास जखमी आले. एकदा तर ते बहात्तर तास झोपले नाहीत, ऑपरेशन करत राहिले.

हा बहात्तर तासांचा किस्सा सगळे सांगतात. आम्हीही लहानपणी तेवढाच ऐकला होता. पण भाचीच्या नजरेनं बघितलं तर त्यात दुसरंच काही दिसतं. एक सर्जन बहात्तर तास टेबलाशी उभा राहू शकतो याचा अर्थ त्याला बाकी कशासाठी टेबल सोडावं लागत नाही. म्हणजे बाहेर कुणी तरी आहे जे आधी कुणाला आत न्यायचं ते ठरवतंय. ज्याचं रक्त वाहतंय तो आधी, जो ओरडतोय तो नंतर, कारण ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे. कुणी तरी मोडलेला पाय डोंगरावरच फळीला बांधून पाठवलाय. कुणी तरी हत्यारं उकळतंय, कुणी तरी ऑपरेशन झालेल्या माणसाच्या नाडीवर बोट ठेवून बसलंय आणि नाडी पळायला लागली की हाक मारणार आहे. हे हात नसते तर 800 माणसांसमोर एकट्या डॉक्टरनं काय केलं असतं?

मोडलेल्या पायाचा विषय निघालाच आहे तर पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट सांगून टाकतो. मांडीचं हाड गोळीनं मोडलं की त्या युद्धाच्या सुरुवातीला बहुतेक सैनिक मरायचे, कारण हाड हलत राहायचं, आत रक्त साचत राहायचं. मग थॉमस नावाची खपच्ची वापरात आली, पाय ताणून स्थिर धरणारी. साधन जुनंच होतं, फरक पडला तो स्ट्रेचर उचलणाऱ्या साध्या शिपायांना ती बांधायला शिकवल्यामुळं. त्यांच्याकडून कवायत करून घेतली, डोळे बांधून सुद्धा, कारण रात्री खंदकात उजेड नसतो. मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. आमच्या नातेवाइकांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

1941 च्या जानेवारीत कोटणीसांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक केलं गेलं. नाव मोठं आहे, पण डोळ्यासमोर इमारत आणू नका. जपानी फौज गावं जाळत यायची, तसं हॉस्पिटल एका गावातून दुसऱ्या गावात सरकायचं. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत वाटून ठेवायचे. शाळाही सोबतच हलायची. शिकणारी मुलं-मुली खेड्यातली, बऱ्याच जणांचं शिक्षण जेमतेम.

यांना शिकवायचं तर यांच्या भाषेत शिकवायला हवं. इथं कोटणीसांनी जे केलं ते आम्हाला ऑपरेशनांपेक्षा मोठं वाटतं. मराठी माणूस, इंग्रजीतून डॉक्टर झालेला, त्यानं चिनी भाषा बोलायलाच नाही तर लिहायला-वाचायला शिकून घेतली आणि चिनीतून वर्ग घेऊ लागला. दुभाष्या मध्ये नको, कारण दुभाष्याला वैद्यक कळत नाही आणि एखादा शब्द चुकला की जखमीचा जीव जातो. मग त्यांनी चिनीतूनच शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. ते पूर्ण केलं आणि दुसरं हाती घेतलं. दिवसा दवाखाना आणि वर्ग, रात्री दिव्याच्या उजेडात लिखाण.

आपल्याकडं नर्सिंगची मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेतून येते आणि पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकाचे पन्नास शब्द पाठ करते, अर्थ न कळता. पेपरात लिहिते, पास होते. रात्री तीन वाजता अपघाताची केस आली की ते पन्नास शब्द उपयोगाला येत नाहीत. कोटणीसांच्या चिनी पुस्तकाची किंमत आम्हाला अशी कळली.

आणि या शाळेत नर्सिंग शिकवणारी एक बाई होती, क्वो चिंगलान. स्वतः प्रशिक्षित नर्स, शहर सोडून या डोंगरात आलेली. 1940 च्या उन्हाळ्यात बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात तिची आणि कोटणीसांची पहिल्यांदा भेट झाली. 1941 मध्ये दोघांनी लग्न केलं. सिनेमामुळं आणि नंतर छापलेल्या लेखांमुळं ती आपल्याला कोटणीसांची चिनी बायको म्हणून माहीत आहे. पण ती शिक्षिका होती आणि डॉक्टरच्या टेबलाच्या अलीकडं-पलीकडं उभे राहणारे हात तयार करणं हे तिचंच काम होतं. आमच्या भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर म्हणजे ही बाई. या कहाणीवर लिहिणाऱ्यांनी, आमच्यासकट, तिला नेहमी एका ओळीत उरकलंय.

23 ऑगस्ट 1942 ला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. उपचार घ्यायला येनानला जा, मायदेशी जा, असं त्यांना सांगितलं गेलं. ते काम सोडेनात. कुपोषण, जागरण, थंडी, यात आजार वाढत गेला. 8 डिसेंबरच्या रात्री ते लिहीत बसले असताना फिट आली, मग एकामागून एक येत राहिल्या, आणि 9 डिसेंबर 1942 ला पहाटे ते वारले. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्ध्यावर.

सोलापूरला ही खबर पोहोचेपर्यंत बरेच दिवस गेले. मुंबईत ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून 1946 मध्ये शांताराम यांचा डॉ. कोटणीस की अमर कहानी आला. पानिपतच्या अब्बास साहेबांनी सोलापूरच्या डॉक्टरची गोष्ट कागदावर उतरवली आणि कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी ती पडद्यावर आणली. त्या काळातला हिंदुस्थान असा होता. पुढं दोन्ही देशांनी त्यांच्या नावानं टपाल तिकिटं काढली, चीननं 1982 मध्ये आणि भारतानं 1993 मध्ये. उत्तर चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाधी आहेत. त्याच शहरात कोटणीसांच्या नावानं आरोग्यसेवा शिकवणारी शाळा आहे आणि तिथली मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. यिनहुआही डॉक्टरकी शिकत होता, पण शिक्षण पूर्ण व्हायच्या आधीच 1967 मध्ये तो गेला. क्वो चिंगलान मात्र दीर्घायुषी ठरल्या. भारतात येऊन सासरच्यांना भेटून गेल्या, 2012 मध्ये वारल्या.

आता परभणीला परत येऊ, कारण भाचीचा प्रश्न अजून अर्धा बाकी आहे. तेव्हा कोटणीसांनी आणि क्वो चिंगलान यांनी शिकवलं. आज कोण शिकवतं?

जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. पास झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं, नंबर मिळतो, मग नोकरी. या नंबराशिवाय कुणालाही नर्स म्हणून कामावर घेऊ नये आणि आपल्या मुलींनीही तो मिळाल्याशिवाय काम धरू नये. पण तो नंबर इतकंच सांगतो की ही मुलगी अमुक साली परीक्षा पास झाली. गादीत मुरणारं रक्त तिला दिसेल की नाही, हे तो सांगत नाही.

त्यासाठी जगभर वेगळं प्रशिक्षण निघालं आणि त्यामागेही एक अपघातच आहे. 1976 मध्ये अमेरिकेत नेब्रास्का इथं जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या सर्जनचं स्वतःचं छोटं विमान कोसळलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात जी व्यवस्था मिळाली ती बघून त्यांना वाटलं की मी शेतात जखमी पोरांना जे केलं त्यापेक्षा इथं कमी होतंय. त्यातून 1978 मध्ये डॉक्टरांसाठी अपघात-उपचाराचा ठराविक क्रमाचा कोर्स सुरू झाला आणि पुढं त्याच धर्तीवर नोंदणीकृत नर्सेससाठी एटीसीएन हा कोर्स आला. भारतात दिल्लीच्या एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरनं तो आणला.

दोन-तीन दिवसांचा कोर्स असतो. क्रम ठरलेला. अंगावरून भळाभळा वाहणारं रक्त दिसलं तर आधी ते दाबायचं. मग श्वासनलिका मोकळी आहे का ते बघायचं, आणि ते बघताना मान हलू द्यायची नाही. मग दोन्ही छाती सारख्या फुगतात का. मग नाडी, त्वचा गार पडलीय का, रक्त कुठं जातंय. मग शुद्ध, बाहुल्या. आणि शेवटी कपडे कापून सगळं अंग बघायचं, पाठीसकट, आणि लगेच पांघरूण घालायचं, कारण थंड पडलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही. बाई असो की बुवा, पडदा लावून हे करता येतं. आपल्या काही बहिणी इथं संकोच करतात म्हणून मुद्दाम लिहितो. मदिनेच्या मशिदीत तंबू लावून खंदकच्या लढाईतल्या जखमींची सेवा करणाऱ्या रुफैदा अस्लमिया यांचं नाव आपल्या घरांत आदरानं घेतात. दिल्लीच्या जामिया हमदर्दचं नर्सिंग कॉलेजही त्यांच्याच नावानं आहे.

कोर्सच्या शेवटी लेखी परीक्षा असते आणि हातानं करून दाखवायची परीक्षा असते. समोर जखमी म्हणून एक माणूस झोपवलेला, घड्याळ चालू, बोलत-बोलत सगळं करून दाखवायचं. चुकलं तर नापास. आणि प्रमाणपत्र चार वर्षांचंच. चार वर्षांनी पुन्हा परीक्षा. आमच्या ओळखीतल्या एका सिस्टरला हा अपमान वाटला, वीस वर्षं नोकरी झाल्यावर पुन्हा परीक्षा कशाला म्हणून. आम्हाला मात्र तो चार वर्षांचा नियमच या सगळ्यातला जीव वाटतो. मान धरायची सवय हाताला असते आणि हात विसरतो. ज्यांना लांब जाता येतं, सुट्टी मिळते, त्यांच्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा आपत्कालीन आणि आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे, तो झाला की ती पात्रताही नोंदवता येते.

अडचण कुठं आहे तेही लिहायला हवं. कोर्स मोठ्या शहरांत होतात. फी, राहणं, प्रवास, आणि खासगी दवाखान्यात सुट्टी मिळत नाही, पगार कापला जातो. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस दिल्लीला एकटीनं पाठवायचं म्हटलं की घरात बैठक बसते. आम्ही त्या बैठकीत बसलेलो आहोत, आणि पहिल्यांदा आम्हीच नको म्हणालो होतो. परभणीत आता 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, सगळीकडच्या केसेस परभणीतच येतात. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला रस्त्यांवर किती गर्दी असते ते आपण बघतो. कॉलेज आहे, शिकवणारे आहेत, तर नर्सेससाठी हे प्रशिक्षण इथंच, वर्षातून दोन वेळा, मराठीतून समजावून का होऊ नये? दिल्लीला पन्नास जणी जाण्यापेक्षा दोन शिकवणारे इकडं आलेले स्वस्त पडतील. बेथ्यून आणि कोटणीस खेचरावर टेबल बांधून जखमीकडं गेले होते. परभणीला तर रेल्वे जंक्शन आहे.

आमच्या जमातींमध्ये शिष्यवृत्तीसाठी, हुशार मुलांच्या सत्कारासाठी पैसा निघतो, जकातीचंही नियोजन होतं. नर्स बहिणीच्या तीन दिवसांच्या कोर्सची फी आणि तिकीट यासाठी कुणी अर्ज केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही, आणि कुणी मागितलं तर लोक देणार नाहीत असंही आम्हाला वाटत नाही.

भाचीचं म्हणाल तर तिचं दिल्लीचं अजून ठरायचंय. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही तिच्याकडं जेवायला गेलो तर दिवाणखान्यातल्या सतरंजीवर धाकटा भाऊ आडवा पडलेला होता, डोक्याशी आमचा मुलगा, कमरेशी तिचे अब्बा. माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं, मान आणि कणा एका रेषेत ठेवून कुशीवर कसं वळवायचं ते ती शिकवत होती. आकडा मोजणारा डोक्याशी बसलेलाच असतो, बाकीच्यांनी त्याच्या आकड्यावर हात हलवायचे. पहिल्या तीन वेळा तिच्या अब्बांनी आधीच ओढलं. चौथ्या वेळी जमलं. मग तिनं दिवा बंद केला आणि पुन्हा करायला लावलं.